गाठीची वाटणी

केदारखेड्यात आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा जमीन, विहिरीचं पाणी, बैलजोडी आणि आई यांचा निकाल एकाच दुपारी लागला. जमीन मोजून दिली. पाण्याचे वार ठरले. बैल विकले. आई एक महिना थोरल्याकडे आणि एक महिना धाकट्याकडे राहील असं ठरलं. महिना अमावस्येला बदलतो. त्या संध्याकाळी आई एक पिशवी घेऊन मधली गल्ली ओलांडते आणि समोरच्या घरात जाऊन बसते. दोन्ही घरांत तिला वेळेवर ताट मिळतं. दोन्ही घरांत चुलीला हात लावू देत नाहीत.

वाटणीच्या वेळी आईला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की तिला शेतातल्या आखाड्यावर राहायचं आहे. आखाडा म्हणजे विहिरीजवळच्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. तिथे स्वतःची चूल मांडायची, स्वतःच्या हाताचं खायचं, एवढंच तिचं म्हणणं. ते ती दर अमावस्येला सांगत आली आणि दोन्ही मुलं तिला एकच उत्तर देत आली.

"लोक काय म्हन्तीन, माय? दोन दोन पोरं जित्ती असून माय आखाड्यावर?"

दुसऱ्या कुठल्याही विषयावर या दोघांचं एकमत झालेलं मी ऐकलेलं नाही.

मी दोघांच्या मधली बहीण. जालन्याला एका दैनिकात उपसंपादक आहे. वाटणीच्या कागदावर मी हक्कसोडीची सही केली, त्यामुळे माझ्याकडे आईचा महिना नाही. तिचे दवाखान्याचे कागद वाचून सांगणं मात्र माझ्याकडे आहे.

दुखण्याचाही नियम त्याच दुपारी ठरला होता. ज्याच्या महिन्यात दुखणं उमटेल, ते त्याचं. पुढे महिना बदलला तरी ते बरं होईपर्यंत त्यानेच बघायचं. नियम चांगला चालला. मोतीबिंदू थोरल्याचा होता. गुडघा धाकट्याचा आहे, त्यामुळे आई थोरल्याकडे असली तरी गुडघ्याचं तेल गल्लीपलीकडून येतं आणि थोरल्याच्या घरातलं कोणी त्या बाटलीला हात लावत नाही.

मानेतली गाठ थोरल्याच्या महिन्यात उमटली. वहिनी आईची वेणी घालत होती, तिच्या बोटांना लागली.

"आत्याबाई, हे काय वो मानंत?"

"असंन काई. किडाबिडा चावला असंन."

"किडा चावून येवढी गाठ येती का?"

"मंग मोठा असंन किडा."

जालन्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, गाठीत सुई घालून तपासायला पाठवलं. थायरॉइडचा कॅन्सर निघाला, तो मानेतल्या गाठीपर्यंत आला होता. डॉक्टरांनी सांगितलं की हा प्रकार संथ चालीचा असतो, ऑपरेशन आणि नंतरच्या औषधाने बहुतेक जण बरे होतात. थोरला ऐकून दवाखान्याच्या पायरीवर बसला. उठल्यावर मात्र त्याने सगळं केलं. संभाजीनगरचा दवाखाना, रक्ताची सोय, गाडी, ऑपरेशननंतरचे दिवस.

धाकटाही दवाखान्यात होता. त्याला काम मिळालं नाही. तो चहा आणायला उठला की थोरला म्हणायचा, "राहू दे तू, माझ्या महिन्यातलं हाये." त्याने घरून डबा आणला, तर वहिनीचा डबा आधीच आलेला. शेवटी त्याने आईच्या चपला राखल्या.

आई घरी आल्यावर भेटायला माणसांची रीघ लागली. थोरला ओट्यावर बसून पहिल्यापासून सांगायचा. नव्या माणसाला मधून सुरू केलेलं त्याला चालत नसे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात तो हिरवी मिरची घेऊन गेला तेव्हा लिलाव पुकारणाऱ्यानेही थांबून ऐकलं. "मायसाठी करावं तर आसं," असं तो माणूस म्हणाला, हे आम्हाला थोरल्याकडूनच कळलं.

मग अमावस्या झाली. आई मानेला पट्टी लावून गल्ली ओलांडून धाकट्याकडे गेली आणि त्यानंतर काढलेल्या गाठींचा तपासणी अहवाल आला.

तो मी कार्यालयात, फोनवर वाचला. पुन्हा वाचला. आमच्या कामात एका वाक्यात दोन बातम्या दिसल्या की आधी चूक समजायची असते, म्हणून मी सर्जनना फोन केला. त्यांनी समजावून सांगितलं. काढलेल्या एका गाठीच्या एका भागात थायरॉइडचा कॅन्सर होता. तिच्याच उरलेल्या भागात दुसरा कॅन्सर होता, लिम्फोमा, म्हणजे त्या गाठीच्या स्वतःच्या पेशींचा. एकातून दुसरा झालेला नव्हता. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पहिल्यासाठी गाठ काढली नसती तर दुसरा इतक्यात सापडलाही नसता. हाही संथ चालीचा आहे, असं ते म्हणाले.

"दोन पेशंटचे नमुने एकत्र झाले नसतील ना?" मी विचारलं.

"तुम्ही पेपरवाल्या का?" सर्जन म्हणाले. "लॅबने तेच आधी तपासलं. एकाच काचेवर, एकाच कापात दोन्ही शेजारी शेजारी आहेत."

रविवारी मी केदारखेड्याला गेले आणि धाकट्याच्या ओट्यावर सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. थोरला गल्लीतून येऊन खांबाला टेकला होता.

"यका गाठीत दोन?" तो म्हणाला.

"हो."

"भाऊभाऊ हायेत का ते?" आईने विचारलं.

"नाही माय. काही नातं नाही."

"मंग भाडेकरू असतीन."

धाकट्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला. आई पुढे म्हणाली, "यका छपराखाली दोन चुली. आपल्यापासूनच शिकले मेले."

धाकट्याने हातातला कागद खाली ठेवला. तो उभा राहिला.

"दुसरा माझा."

"काय तुझा?"

"दुसरा कॅन्सर. माझ्या महिन्यातला हाये."

थोरल्याने खांब सोडला. "गाठ कोनाच्या महिन्यात सापडली?"

"गाठ तुझ्या महिन्यात सापडली, दादा. मी कुठं न्हाई म्हन्लो? पन दुसरा माझ्या महिन्यात उमटला. नेम काय ठरला व्हता? उमटंल त्याचं."

"उमटला कुठं? तो तर आधीपासून आतच व्हता."

"आधीपासून व्हता, मंग तुला दिसला कामून न्हाई? येवढं आपरेशन करून राह्यला व्हता तू."

"आरं, गाठ अख्खी काढून टाकली मी. तिच्यात जे काई हाये ते माझंच."

"म्हंजे मायचा सगळा आजार तूच घेनार? मला काय फक्त गुडघा?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, कागदावर तारीख कोनती हाये?" धाकट्याने विचारलं. मी सांगितली. ती अमावस्येनंतरची होती.

थोरला पुन्हा खांबाला टेकला. मग म्हणाला, "घे बाबा. येक तुला, येक मला. पन माझ्यात लुडबुड करायची न्हाई."

"तू माझ्यात करू नको."

"मला इचारा तरी," आई म्हणाली. "गाठ माझी व्हती."

कोणी विचारलं नाही. धाकट्याच्या बायकोने चहा आणला. भेटायला आलेल्या शेजारणीला वाटलं की काही चांगली बातमी आहे.

लिम्फोमाच्या डॉक्टरकडे जाताना धाकट्याने ठेवणीतले कपडे घातले आणि चुलत्याची जीप घेतली. मी बरोबर होते. डॉक्टर तरुण होते, त्यांनी सगळे कागद नीट पाहिले, आईची मान, काखा, पोट तपासलं, रक्ताचे आकडे पाहिले.

"सध्या काही उपचार नको," ते म्हणाले. "दर थोड्या महिन्यांनी दाखवा. बघत राहायचं."

"म्हंजे गोळी?"

"गोळी नाही."

"इंजेक्शन?"

"नाही."

"सलाईन तरी?"

"सलाईन कशासाठी?"

"येवढ्या लांबून आल्तो, साहेब. रिकाम्या हातानं कसं जावं?"

डॉक्टरांनी न चिडता सांगितलं. या प्रकारात त्रास नसताना औषध लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, औषधाचा त्रास मात्र सुरू होतो. कित्येकांना वर्षानुवर्षं काहीच घ्यावं लागत नाही. ऐकून आई खूश झाली. परत येताना बदनापूर गेलं, दाभाडी गेली, राजूर आलं. राजूरच्या पुढे धाकट्याने तोंड उघडलं.

"थोरल्यानं आपरेशन केलं. धाकट्यानं काय केलं, तर बघत बसला. आसं म्हन्तीन लोक."

"आरं, चांगलंच हाये की ते," आई म्हणाली.

"तुझ्यासाठी चांगलं हाये, माय. मला गावात राह्यचं हाये."

तो आणखी दोन डॉक्टरांकडे गेला. दोघांनी बघत राहा असंच सांगितलं. तिन्ही डॉक्टरांचं आतून काहीतरी ठरलेलं आहे, असं त्याचं मत झालं. त्यानंतर तो कुठून तरी एका मुळीची पूड घेऊन आला. आईने ती घेतली नाही. "ज्याची गाठ त्याला दे," म्हणाली. मी तरुण डॉक्टरांना फोन करून पुडीचं सांगितलं. ते म्हणाले, भावाला फोन द्या. त्यांनी धाकट्याला काय सांगितलं ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. बघणं हाच या आजाराचा उपचार आहे. तो नीट केला नाही तर नुकसान होतं. मानेत, काखेत, जांघेत नवी गाठ येते का, वजन उतरतं का, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येतो का, ताप येतो का, हे घरच्या माणसानेच बघायचं असतं. दवाखान्यात ते होत नाही. आणि पूड फेकून द्या.

धाकट्याने पूड उकिरड्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून बघायला सुरुवात केली.

आई पुन्हा थोरल्याकडे गेली तेव्हा तो रोज सकाळी दूध घालायच्या आधी गल्ली ओलांडून जाऊ लागला. मान चाचपायचा, काखा वहिनीला चाचपायला लावायचा आणि शेजारी उभा राहून "वरून न्हाई, खालून बघा" असं सांगायचा.

"भावजी, त्यांना तोंड तरी धुऊ द्या," वहिनी म्हणायची.

"तोंड धुतल्यानं गाठ जात न्हाई, वहिनी."

वजनासाठी त्याला घरातला काटा पटला नाही. गावात कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे मोठा काटा आहे, त्याच्यावर तो आईला घेऊन गेला. व्यापाऱ्याचे आजोबा राजस्थानातून आलेले, तीन पिढ्या इथेच. आई नुकतीच न्हाऊन आली होती. व्यापाऱ्याने काट्याकडे पाहिलं, आईच्या ओल्या केसांकडे पाहिलं आणि ओल्या कापसाचं वजन कापायच्या सवयीने विचारलं, "ओलीचं किती कापू?"

"काई कापू नको, शेटजी," आई म्हणाली. "कापायचं ते थोरल्यानं कापलं."

त्याच सुमारास थोरल्याच्या आजाराचा पुढचा टप्पा आला. थायरॉइडचं काही उरलं असेल तर ते जाळण्यासाठी किरणोत्सारी आयोडीनचं औषध द्यायचं होतं. औषध दिल्यावर काही दिवस दवाखान्यात वेगळं ठेवतात. घरी सोडल्यावरही ठरावीक दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहायचं असतं. हे मी ओट्यावर वाचून दाखवलं.

थोरल्याच्या घरात रांगता नातू होता. धाकट्याच्या सुनेला सातवा लागला होता.

दोन्ही भावांनी आधी आपापल्या दाराकडे आणि मग एकमेकांच्या दाराकडे पाहिलं. वाटणीच्या नियमात याची सोय नव्हती.

"आखाडा रिकामाच हाये," आई म्हणाली. ती इतक्या हळू बोलली की वहिनीला ते पुन्हा विचारावं लागलं.

"थोड्या दिवसांसाठी," थोरला म्हणाला.

"थोड्याच दिवसांसाठी," धाकटा म्हणाला.

औषध थोरल्याच्या आजाराचं, म्हणून आखाड्याची सोय थोरल्याने केली. खोल्यांना चुना दिला, दिव्याची तार ओढली, पत्रा बदलला. आईने गॅस नको म्हणून सांगितलं आणि पडवीत दोन विटा आणि एक दगड मांडून घेतला. दवाखान्यातून आली त्या संध्याकाळी तिने स्वतःसाठी बाजरीची भाकरी थापली आणि लसणाची चटणी वाटली. ती तिखट होती, असं तिने मला फोनवर सांगितलं. दोन्ही सुनांच्या स्वयंपाकाबद्दल तिने आजवर एक शब्द वाईट काढला नव्हता. त्या दिवशीही काढला नाही. फक्त चटणी तिखट होती हे दोनदा सांगितलं.

धाकटा बघायला येत होताच. पण अंतर राखायचं असल्यामुळे तो विहिरीच्या पलीकडे उभा राहायचा.

"माय, मान वर कर!"

"केली."

"डावीकडं वळव. काखंत काई लागतंय का?"

"हात लागतोय माझा."

"राती घाम आल्ता का?"

"मला कशाला येईल? तूच पळत आल्ता दिसतोय."

ठरवून दिलेले दिवस संपले. मी डॉक्टरांना विचारून खात्री केली आणि दोन्ही घरी कळवलं. थोरला मोटारसायकल घेऊन आखाड्यावर गेला. आई म्हणाली, "तुझे किरन गेले असतीन बाबा, तुझं काम पुरं झालं. पन धाकट्याचं बघनं चालू हाये. तुझ्या घरी मानसांची गर्दी. इथं निवांत बघता येतं त्याला. त्याचं काम मी कसं मोडू?" थोरल्याने लुडबुड करायची नाही असं स्वतःच म्हटलं होतं. तो परत आला.

दुसऱ्या दिवशी धाकटा गेला. त्याला आई म्हणाली, "तुझं काई न्हाई रे. पन थोरल्याच्या किरनांचा मला भरवसा न्हाई. सून पोटुशी हाये तुझी. बाळंत होऊ दे."

दोघं भाऊ एकमेकांशी कामापुरतं बोलतात, त्यामुळे दोघांचे जबाब जुळायला बराच काळ गेला. जुळले तेव्हा ते एकाच मोटारसायकलवर आखाड्यावर आले. मी त्या रविवारी तिथेच होते. आईने दोघांना पडवीत बसवलं, वांग्याचं भरीत आणि भाकरी वाढली. दोघांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

"माय, चाल आता घरी," थोरला हात धुताना म्हणाला.

"डाक्टरला इचारू," आई म्हणाली. "डाक्टर म्हनला तर लगेच चाल."

पुढच्या तपासणीला चौघं गेलो. तरुण डॉक्टर कागद पाहत होते. आईने विचारलं, "साहेब, मी येकटी आखाड्यावर राह्यले तर चालंल का?"

"चालेल की. काही हरकत नाही."

बाहेर आल्यावर गावच्या ओळखीचे दोघं भेटले. आई त्यांना म्हणाली, "डाक्टरनं येकटं राह्य म्हनलं." केदारखेड्याला पोचायच्या आत हे गावाला कळलं होतं. भावांनी मला बाजूला घेतलं. डॉक्टर खरंच तसं म्हणाले का, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं, कारण थोरला दाराबाहेर थांबला होता आणि सलाईनच्या प्रकरणापासून धाकट्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास नव्हता. मी जे झालं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले ते बरोबर आहे, आईने फक्त प्रश्न गाळला. असं आमच्या पेपरात रोज होतं.

"पन लोकांना तर डाक्टरनंच सांगितलं आसं वाटून राह्यलंय ना?" थोरल्याने विचारलं.

"हो."

"मंग ठीक हाये." त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "पुरं बरं होईपर्यंत राहू दे."

"पुरं बरं होईपर्यंत," धाकटा म्हणाला.

हे आईपर्यंत गेलं. त्यामुळे त्यानंतरच्या मोठ्या तपासणीला जाताना ती अस्वस्थ होती. थोरला म्हणाला, माय घाबरली. दवाखान्यात रिपोर्ट पाहून सर्जन हसले. थायरॉइडच्या बाजूने काहीही उरलेलं दिसत नव्हतं. रोजची गोळी उपाशीपोटी घ्यायची, अधूनमधून रक्त तपासायचं, बाकी काळजी नको, असं ते म्हणाले. थोरल्याने वाकून त्यांना नमस्कार केला. आईने केला नाही. तिचा चेहरा पडला होता.

"म्हंजे पुरा गेला?"

"गेल्यातच जमा आहे, आजी."

तिथून आम्ही वरच्या मजल्यावर तरुण डॉक्टरांकडे गेलो. जिना चढताना तिने माझा हात घट्ट धरला होता. त्यांनी मान, काखा, पोट तपासलं, रक्ताचे आकडे पाहिले, धाकट्याला काही नवं दिसलं का ते विचारलं. धाकट्याने तपशीलवार सांगितलं. त्याला बोलू दिलं याचं त्याला बरं वाटलं.

"आहे तसाच आहे," डॉक्टर म्हणाले. "वाढलेला नाही. त्रास देत नाही."

"पन हाये ना?" आईने विचारलं.

"आहे, आजी. राहील. पण घाबरायचं कारण नाही."

"मी कशाला घाबरू? राह्यलं तर राह्यलं. औषध देऊन उठवू नका त्याला, साहेब."

दाराबाहेर थोरला जिन्याच्या कठड्याला टेकून थांबला होता. हा आजार त्याचा नव्हता, म्हणून तो आत आला नव्हता. आई त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुझा गेला," ती म्हणाली. "धाकट्याचा हाये अजून."

थोरल्याने मान हलवली. धाकटा त्याच्याकडे न पाहता पुढच्या तारखेची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवत होता. तिची घडी त्याने दोनदा घातली.

गाडीत आई खिडकीशी बसली. केदारखेडं यायच्या अलीकडे, आखाड्याची वाट फुटते तिथे, तिने थांबायला सांगितलं. वांगी तोडायची राहिली होती.